सायकल पलीकडे राहिली

बातमी आली तेव्हा मी जिवतीत होते. एका सभेची पत्रकं वाटत बाजारातून फिरत होते. त्या डोंगरातल्या गावांत फोनची रेंज येते आणि जाते, त्यामुळे मोठीमायचे आधीचे फोन लागलेच नव्हते. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, मोरेश्वरची आई. बाजाराच्या टोकाला चढावर उभी होते तेव्हा एकदाचा फोन वाजला. ती रडत नव्हती. "बाई, मोरू गेला," ती म्हणाली. "गडचिरोलीच्या दवाखान्यात गेला, सकाळी." मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "त्याची सायकल पलीकडंच राह्यली वं... नाल्याच्या पलीकडं. कोण आणते आता?"

पोरगा गेला त्या घडीला आईला सायकल आठवावी, हे कुणाला विचित्र वाटेल. मला नाही वाटलं. आमच्या घरी मोरूदादा आला की नाही हे त्याला हाक मारून कुणी विचारत नसे, पडवीत सायकल आहे का ते बघत. सायकल अलीकडे असली की तो घरी, पलीकडे असली की तो कामावर. तिसरी शक्यताच कधी नव्हती.

आमचं गाव नागभीडपासून फार लांब नाही. धानाची बांधी म्हणजे बांध घातलेली शेतं, दोन बोड्या म्हणजे छोटी तळी, मागे जंगल, आणि गाव व डांबरी रस्ता यांच्या मधोमध एक नाला. या नाल्याला नकाशात नावसुद्धा नाही, नुसती एक निळी रेघ आहे. पावसाळा लागला की ती रेघ आमच्या कंबरेपर्यंत येते. पाणी गुडघ्याखाली असलं तर सायकल हाताने ढकलत न्यायची, त्याहून वर असलं तर खांद्यावर घ्यायची, आणि नाला फुगला तर घरी बसायचं. बहुतेक लोक आपल्या सायकली पलीकडे मोहाच्या झाडाला साखळीने बांधून ठेवत आणि मोकळ्या अंगाने येत-जात. पण तिथून कधी कुणाची सीट जाई, कधी कुणाची चेन. मोरूदादाने मोहाखाली सायकल एकदाही ठेवली नाही. "घरची वस्तू घरी," एवढंच म्हणायचा. नागभीडला एका झेरॉक्सच्या दुकानात तो कामाला होता. पावसाळ्यात रोज सकाळी सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचा आणि संध्याकाळी तशीच परत आणायचा.

आणि त्याला सिकलसेल होता. आमच्याकडे हा शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, आणि हाडं आतून ठणकायला लागतात. थंडीने ठणकतात, दमल्यावर ठणकतात, भिजल्यावर तर हमखास. ज्याने भिजायचं नाही आणि दमायचं नाही, त्याला आपल्या या थोर राज्याने रोजीरोटीसाठी रोज सकाळ-संध्याकाळ कंबरभर पाण्यातून चालायला लावलं. हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी माझा राग उतरत नाही, आणि तो उतरावा असंही मला वाटत नाही.

सायकल त्याच्या वडिलांची, काळी, दांड्याची, म्हशीसारखी जड. काका गेल्यावर ती त्याच्याकडे आली. गावातल्या कुणीही ती उचलून दिली असती. नाल्याच्या काठावर राहणारा गोपाळाभाऊ, जो जाळी टाकतो आणि पूर असला की डोंगा चालवतो, तो तर रोज हात पुढे करायचा. मोरूदादा म्हणायचा, "राहू दे भाऊ, माही मी नेतो." मोठीमायलाही तो सायकलीला हात लावू देत नसे. त्याच्या दुखण्याने घरातल्या सगळ्यांवर कितीतरी गोष्टी लादल्या होत्या. दवाखान्याच्या चकरा होत्या, रात्रीची जागरणं होती. एवढं एक ओझं तरी कुणाच्या खांद्यावर जाऊ नये, अशी त्याची धडपड होती. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरी अशा गोष्टी बोलत नाहीत.

सायकल हलकी करायला तिला भोकं पाडायची कल्पना त्याला चुलीपाशी सुचली. एका संध्याकाळी मोठीमाय वडे तळत होती. त्याने एका हातात पळी घेतली, दुसऱ्या हातात झारा घेतला, आणि बराच वेळ नुसता तोलत बसला. मोठीमाय म्हणाली, "दे बापा तो झारा, वडे जळून राह्यले." तर हा म्हणतो, "माय, दोघंही तेवढेच. पण झारा हलका काऊन लागते?" तिने झारा हिसकावून घेतला. दुसऱ्या दिवशी तो नागभीडच्या बाजारातून हाताने फिरवायचं जुनं ड्रिल घेऊन आला.

आधी त्याने जे काढता येतं ते काढलं. मडगार्ड गेलं, चेनकव्हर गेलं, घंटी गेली, स्टँड गेलं. मग जे काढता येत नाही त्याला भोकं पाडायला सुरुवात केली. कॅरिअरच्या पट्ट्या, ब्रेकच्या दांड्या, पायडलच्या बाजू, सीटखालचा पत्रा. पडवीत बसून पायाच्या अंगठ्याखाली तुकडा दाबून धरायचा, खिळ्याने खूण करायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि हळूहळू मूठ फिरवत राहायची. लोखंडाची बारीक कुरळी सालं निघून पडवीभर पसरायची. मोठीमाय ओरडायची, "माह्या कोंबड्या खातेत ते!" हा म्हणायचा, "खाऊ दे, अंडे मजबूत होतीन." बोटं दुखायला लागली की थांबायचा, गरम पाण्यात हात बुडवून बसायचा, आणि पुन्हा सुरू. चेनच्या चक्राला त्याने नुसती भोकं पाडली नाहीत. आधी मोठं भोक, त्याच्या बाजूला लहान, मग त्याहून लहान, असं फिरत फिरत गेलेलं. पायडल मारताना ते चक्र उन्हात फिरलं की जमिनीवर उजेडाचे ठिपके पळायचे. उतारावर सुटला की वारा त्या सगळ्या भोकांतून जायचा आणि एक बारीक शीळ वाजायची. घंटीची गरजच उरली नाही. गावातली कुत्री त्या शिळेने ओळखायची, मोरू आला.

एक घोळ मात्र त्याने असा घातला की गावात वर्षभर पुरला. चपट्या पत्र्यांची भोकं पाडून झाल्यावर त्याची नजर पोकळ नळ्यांवर गेली. सायकलचा सांगाडा म्हणजे सगळ्या नळ्याच. त्याने खालच्या नळीला सुंदर ओळीत भोकं पाडली, सायकल उचलून पाहिली, खूश झाला. दुसऱ्या दिवशी नाल्याला गुडघ्याच्या आसपास पाणी होतं म्हणून त्याने ती ढकलत पाण्यात घातली. मधोमध पाणी थोडं खोल लागलं तेव्हा उचलायला गेला, तर सायकल हलेना. नाला भोकांवाटे नळीत शिरून बसला होता, वाळूसकट. कसाबसा काठावर आला तर सायकलीच्या पोटातून चहूबाजूंनी धारा लागल्या. गोपाळाभाऊ जाळं टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "काय बे मोरू, सायकलीले जुलाब लागले का?" मोरूदादा धारा थांबेपर्यंत सायकल तिरपी धरून तसाच उभा, आणि हसताहसता त्याला खाली बसावं लागलं. पुढे त्याने ती भोकं पळसाच्या लाखेने बुजवली. पण आत गेलेली थोडी वाळू कायमची आतच राहिली. सायकल आडवी केली की अजूनही ती सळसळते.

मी वाढले पत्रकांत. माझे वडील जंगलहक्काच्या चळवळीत होते. घरात पत्र्याच्या पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. 'बंधू आणि भगिनींनो' हे मी वाचलेले पहिले शब्द. कॉलेजसाठी चंद्रपूरला गेले, तिथेच राहिले, आणि स्वतः पत्रकं लिहायला लागले. पहिलं लिहिलं ते आमच्या नाल्यावरच्या पुलासाठी. झेरॉक्स मोरूदादाच्याच दुकानात काढायच्या होत्या. त्याने मशीनवर कागद ठेवायच्या आधी तो सगळा वाचला आणि म्हणाला, "हे वाक्य लय जड हाये वं, लीडरीन. वाचता वाचता माणूस नाल्यात बुडन. दोन-चार भोकं पाड याले." मी चिडले. मग त्याने पेन्सिलने माझ्या वाक्यांतले शब्द गोल करून दिले, आणि ते काढल्यावर वाक्य खरंच उचलता यायला लागलं. तेव्हापासून माझं एकही पत्रक त्याच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही.

त्या पत्रकावर मला त्याच्या सायकलीचा फोटो हवा होता. पुलाशिवाय जगणाऱ्या गावाचं याहून मोठं चित्र कोणतं? तो नाही म्हणाला. मी म्हणाले, "तू असाच भोकं पाडत बसला तर पूल कवा होईन? ओझं त्यांचं, अन् हलकं तू करून राह्यला."

"अन् पूल झाला त सायकल जड करू का मंग?"

"मी तसं कुठी म्हणते?"

"नाई झाला तरी पाडीन, झाला तरी पाडीन," तो म्हणाला. "मले आवडते ते."

पण पत्रकात 'मले आवडते' लिहायला जागा नसते. पत्रकात माणसाला एक मागणी असते, एक अन्याय असतो. उन्हात फिरणाऱ्या चक्रातून पळणारे ठिपके बघून तो एकटाच हसायचा, ते कुठल्या मुद्द्याखाली घालायचं? आमचा हा वाद नंतर कित्येक वर्षं चालला. दिवाळीला चालला, फोनवर चालला, एकदा तर लग्नाच्या मांडवात चालला. आजही माझं म्हणणं तेच आहे. कुणाही माणसाला नाला ओलांडायचा म्हणून आपल्या सायकलीला भोकं पाडावी लागू नयेत. फक्त समोरून उत्तर देणारा नाही... आणि एकतर्फी जिंकलेल्या वादासारखी ओसाड गोष्ट नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणात त्याचं दुखणं फार वाढलं. अंगाला हात लावू देईना. नाला भरलेला, गाडी पलीकडे थांबलेली. चौघांनी त्याला खाटेवर घेतलं. पुढच्या बाजूला गोपाळाभाऊ, मागे मी एका पायाशी. पाणी छातीपर्यंत होतं आणि मोरूदादाचे ओठ दुखण्याने पांढरे पडले होते. मधोमध आल्यावर तो म्हणाला, "गोपाळाभाऊ, जड लागून राह्यलो का?"

"तू कुठचा जड बे? खाटच जड हाये."

"मंग परत आल्यावर खाटेले भोकं पाडतो."

पाण्यात उभे असलेले आम्ही चौघेही हसलो. खाट इतकी हलली की मोठीमाय काठावरून ओरडायला लागली. बरा होऊन परत आल्यावर त्याने खरोखर ती खाट उलटी केली आणि सागाच्या जाड पायांना, बाजूच्या दांड्यांना एकेक करून भोकं पाडली. मोठीमायने शिव्या दिल्या. तो म्हणाला, "पुढच्या वेळी धरणाऱ्याले बरं पडन." त्याला पुढची वेळ ठाऊक होती.

यंदा पोळ्याला मी गावी गेले तेव्हाची आमची भेट शेवटची ठरली. बैल सजवून नेले होते, घरात पुरणाचा वास होता. हा पडवीत सायकल उलटी ठेवून तिच्यासमोर बसला होता. ड्रिल मांडीवर, पण फिरवत नव्हता. चक्र हाताने गोल फिरवायचा, थांबवायचा, पुन्हा फिरवायचा. मी म्हटलं, "काय झालं रे दादा?" तो म्हणाला, "काई नाई वं... आता पाडाले जागाच नाई उरली."

मी सायकलीकडे नीट पाहिलं. खरंच नव्हती. ब्रेकच्या दांड्या जाळीसारख्या झाल्या होत्या. चक्रावर एक भोक आणखी पाडलं असतं तर ते तुटलं असतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही भोकं एका वर्षाची नाहीत. दर पावसाळ्याआधी तो थोडी नवीन पाडत आला होता. दर वर्षी त्याचा खांदा थोडा कमी उचलू लागला होता, आणि तेवढी सायकल तो कमी करत होता. आम्ही सगळे त्याला छंद म्हणत होतो. छंद होताच तो, ते मी नाकारत नाही. पण त्या छंदाच्या मागे त्याचं शरीर धावत होतं, आणि त्या दिवशी शरीराने त्याला गाठलं होतं.

चक्र हाताने थांबवून तो म्हणाला, "आता पूलच पायजे. लिही तू." मग म्हणाला, "फोटो घे पायजे त."

मी फोटो घेतला. चंद्रपूरला जाऊन पत्रक लिहिलं. ते पिशवीत घालून जिवतीला गेले होते, तिथून गावाकडे जाताना नागभीडला उतरून त्याच्या हातात द्यायचं ठरलं होतं. त्याने गोल केलेले शब्द काढायचे, मग छापायचं. ते पत्रक अजून छापलेलं नाही. त्यातले कोणते शब्द जड आहेत ते मला कळत नाही.

बातमी आली त्याच्या दोन दिवस आधी सकाळी तो नेहमीप्रमाणे नाला ओलांडून पलीकडे गेला होता, सायकल खांद्यावर घेऊन. गोपाळाभाऊने पाहिलं. मोहापाशी पोचल्यावर तो खाली बसला. मग उठून त्याने सायकल झाडाला साखळीने बांधली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीला हात दाखवला. गडचिरोलीला पोचला, तिथे दोन दिवस होता, आणि मग... त्याला आणलं तेव्हा नाल्याला पाणी होतं. भोकं पाडलेल्या खाटेवरूनच त्याला अलीकडे आणलं. गोपाळाभाऊ पुढच्या बाजूला होता. काठावर खाट टेकवल्यावर तो एवढंच बोलला, "पोट्ट्यानं खरंच हलकी केली होती खाट."

गावातल्या मोबाइलच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'जिद्दीला सलाम'. मी ते वाचून फोन बाजूला फेकला. हे वाचणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की मोरूदादाला प्रेरणा बनवू नका. जिद्दीला सलाम केला की पुलाची गरज संपते. तो एक माणूस होता, त्याला पूल हवा होता, आणि त्याला भोकं पाडायला आवडायचं. या तीनही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. हे मी त्याला हयातीत एका वाक्यात सांगू शकले नाही. आता सांगतेय तर त्या एका वाक्याचेही तीन तुकडे झाले आहेत.

दिवस झाल्यावर मोठीमाय म्हणाली, चल सायकल आणू. चावी दवाखान्यातून आलेल्या त्याच्या कपड्यांत होती. आम्ही दोघी पाण्यातून पलीकडे गेलो. मोहाखाली सायकल उभी होती, सीटवर पानं पडलेली, कुणीही तिला हात लावला नव्हता. मी साखळी सोडली आणि उचलायला वाकले, तर मोठीमाय म्हणाली, "सर तिकडं. मी घेते." मी म्हटलं, "तुह्याच्यानं होणार नाई, मोठीमाय." तिने ऐकलं नाही. पदर कमरेला खोचला, दांडा खांद्यावर घेतला आणि पाण्यात शिरली. इतकी वर्षं ती काठावरून पाहत आली होती, पोराच्या खांद्यावरची सायकल. हात लावायची तिला परवानगी नव्हती. नाल्याच्या मध्ये ती एकदम थांबली. मला वाटलं पाय घसरला.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "एवढीशीच होते वं हे... मले वाटे, केवढी जड असन."

आणि फोन केल्यापासून पहिल्यांदा ती रडली, पाण्यात उभी राहून, सायकल खांद्यावरून खाली न ठेवता. नळीतली वाळू तिच्या हुंदक्यासरशी आत सळसळत होती.

आता सायकल पडवीत तिच्या नेहमीच्या खुंट्याला टेकलेली असते. मी गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. धान पिवळं व्हायला लागलंय, नाल्याचं पाणी उतरतंय. सकाळी उठून बाहेर आले तर मोठीमाय सायकलीसमोर उकिडवी बसलेली. हातात खराट्याची एक काडी. या दिवसांत कुंभारमाश्या कुठलंही रिकामं भोक दिसलं की त्यात ओली माती आणून भरतात. त्यांनी चक्राची, ब्रेकची, पायडलची भोकं बुजवायला घेतली होती. मोठीमाय एकेका भोकात काडी घालून माती बाहेर काढत होती, फुंकर मारत होती, पुन्हा पुढचं भोक. मी म्हटलं, "राहू दे नं मोठीमाय. उद्या पुन्हा भरतीनच त्या."

तिने वर पाहिलं नाही. "भरू दे," ती म्हणाली. "मी उद्या पुन्हा काढीन. माती राह्यली त जड होईन नं वं त्याले."